बाबांसाठी जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह घेताना: आधी घाटी मोजा

आमच्या घराकडची शेवटची दीडशे मीटर वाट जांभ्याची आहे. कागदावर ती पाणंद, बोलण्यात घाटी. ऑक्टोबर ते मे तिच्यावरून कुठलीही गाडी चढते. जून लागला की जांभ्यावर शेवाळ धरतं आणि बाबांची जुनी हॅचबॅक खाली व्हाळाजवळ (ओढ्याजवळ) उभी राहते ती थेट नवरात्रापर्यंत. गॅसचा सिलिंडर खांद्यावर, तांदळाची पिशवी हातात, छत्री बगलेत, आणि गुडघे ६९ वर्षांचे.

गेल्या पावसाळ्यात आईला ताप आला तेव्हा शेजारच्या दोघांनी तिला खुर्चीत बसवून घाटी उतरवली. ते ऐकल्यावर मी पुण्याहून फोन करून जाहीर केलं की आता फोर-बाय-फोर, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवतं अशी गाडी घ्यायची. बाबा निवृत्त मास्तर. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माका जीप नको. घराकडे पोचणारी गाडी व्हयी."

त्या एका वाक्याने माझी यादी अर्धी झाली. पुढचे चार महिने मी सिंधुदुर्ग, कोल्हापूर, पुणे असं फिरून जुन्या गाड्या बघितल्या. बजेट ७ लाख, आणि त्यात गाडी घेतल्यावरची डागडुजीही धरलेली. त्या धावपळीत जे समजलं ते इथे लिहितो आहे. तुमचे आईवडील कोकणात, आंबोलीकडे, पन्हाळ्याच्या बाजूला किंवा मावळातल्या एखाद्या डोंगरवाडीत राहत असतील तर उपयोगी पडेल.

चाक जागच्या जागी का फिरतं

गाडी चढावर लागली की तिचा भार मागच्या चाकांकडे सरकतो. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात. म्हणजे ज्या चाकांनी काम करायचं, तीच चढावर हलकी होतात. त्यात मागच्या सीटवर दोन माणसं आणि डिकीत बाजार भरलेला असला की आणखी हलकी.

थोडं गणित करू, बाबांच्या फळ्यावर करतात तसं. माणसं आणि सामान धरून गाडी १,६०० किलोची आहे. चढ १ ला ५, म्हणजे साधारण पाच मीटर पुढे जाताना एक मीटर वर. या चढावर गाडीला खाली ओढणारं बळ सुमारे ३१५ किलोभाराचं. भरलेल्या गाडीत चढावर पुढच्या दोन चाकांवर साधारण ७०० किलो उरतात. या ७०० किलोंच्या जिवावर ३१५ किलो रेटायचे, म्हणजे जमिनीची पकड कमीत कमी ४५ टक्के हवी. कोरड्या काँक्रीटवर ती ७०-८० टक्के सहज मिळते, म्हणून मे महिन्यात काही कळत नाही. ओल्या, शेवाळलेल्या जांभ्यावर ती तीसच्याही खाली येऊ शकते. मग इंजिन कितीही दमदार असो, चाक फक्त जांभा घासतं.

आता तेच ३१५ किलो चारही चाकांत वाटून द्या. चारही चाकांवर मिळून १,५५० किलोंच्या वर भार आहे. लागणारी पकड २० टक्के. एवढी पकड शेवाळावरही बहुधा मिळून जाते. ऑल-व्हील-ड्राइव्हची सगळी करामत एवढ्या भागाकारात आहे. ती गाडीची ताकद वाढवत नाही, तीच ताकद चार ठिकाणी वाटते.

या गणितावरून गावातल्या दोन जुन्या गोष्टींचाही उलगडा होतो. एक, रिक्षा, ओम्नी, बोलेरो घाटी चढतात आणि त्यांच्याहून महाग हॅचबॅक अडकते. या गाड्या मागच्या चाकांनी ढकलल्या जातात आणि चढावर भार नेमका तिथेच येतो. त्यांचा भागाकार ३५-३६ टक्क्यांवर येतो. दोन, आमच्याकडची पोरं पुढच्या चाकांची गाडी कधीकधी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये चढवतात. लोक हसतात, पण शास्त्र अगदी बरोबर आहे. ओढणारी चाकं उताराच्या बाजूला येतात आणि त्यांच्यावर भार पडतो. फक्त ६९व्या वर्षी मान मागे वळवून दीडशे मीटर रिव्हर्स जायला कोणाला सांगू नये.

दोन जाती, आणि आईवडिलांसाठी कुठली

बाजारात 'फोर-बाय-फोर' हा एकच शब्द दोन वेगळ्या यंत्रांसाठी चालतो. फरक समजण्यासाठी शाळेतल्या कवायतीची रांग आठवा. रांग वळते तेव्हा आतला मुलगा जागच्या जागी पावलं टाकतो आणि कडेचा जवळजवळ पळतो. गाडी वळतानाही तसंच होतं. बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. शिवाय पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वळणावरून जातात. प्रत्येक चाकाला आपापल्या गतीने फिरू देणं भाग असतं. डाव्या-उजव्या चाकांत ही मुभा देणाऱ्या गिअरच्या पेटीला डिफरेन्शियल म्हणतात.

डिफरेन्शियलची एक खोड आहे. पोफळीच्या बागेत एका पाटाचे दोन फाटे केले तर पाणी सखल फाट्याकडे धावतं. तसंच ज्या चाकाला फिरणं सोपं, तिकडे फिरणं पळतं. घसरणारं चाक गरगरतं आणि पकड असलेलं चाक गप्प उभं राहतं. बागेत आपण सखल फाट्याला मातीचा बांध घालतो. नव्या गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून हाच बांध घालते.

आता त्या दोन जाती. पहिली, जिला जुने लोक खरी फोर-बाय-फोर म्हणतात. थार, जिप्सी, जिम्नी, स्कॉर्पिओचे आणि सफारी स्टॉर्मचे फोर-बाय-फोर प्रकार. एरवी मागची चाकं चालतात, लिव्हर किंवा बटण वापरलं की पुढची जोडली जातात, आणि कमी वेगात जास्त जोर देणारा वेगळा लो रेंज गिअरही असतो. जोडल्यावर पुढचा आणि मागचा कणा (ॲक्सल) एकमेकांना घट्ट बांधले जातात. चिखलात हे उत्तम. कोरड्या डांबरावर तशीच ठेवून वळवली तर कवायतीच्या रांगेतल्या सगळ्या मुलांचे हात एकत्र बांधल्यासारखं होतं. गाडी अडखळते, स्टिअरिंग जड होतं, गिअर आणि शाफ्टवर ताण येतो. कधी जोडायचं आणि कधी आठवणीने सोडायचं हे चालवणाऱ्याला कळायला हवं.

दुसरी जात ऑल-व्हील-ड्राइव्हची. रोज ती पुढच्याच चाकांवर चालते. पुढचं चाक घसरायला लागलं की संगणकाला ते कळतं, तो मागच्या कण्याजवळच्या विद्युतचुंबकी क्लचला करंट देतो, क्लचच्या चकत्या दाबल्या जातात आणि मागची चाकं ढकलायला लागतात. हे होईपर्यंत आपल्याला फारसं कळतही नाही. लो रेंज नसतो, दरीतून गाडी काढण्याचं हे काम नाही. पण घाटी चढण्यासाठी पुरतं, आणि मुख्य म्हणजे चालवणाऱ्याने काहीच लक्षात ठेवायचं नसतं. बाबांसाठी मी इथेच थांबलो. थारच्या मोहात असलेल्या मुलांनी एकदा आपल्या आईला साडीत थारमध्ये चढायला सांगावं, आणि तेही मागच्या सीटवर.

एक सावधानता. हल्ली अनेक गाड्यांत चिखल, वाळू, खडबडीत अशी चित्रं असलेलं गोल बटण असतं. त्याचा अर्थ चारही चाकं फिरतात असा होत नाही. कित्येकदा ते बटण फक्त पुढच्या चाकांच्या ब्रेकचं आणि ॲक्सिलरेटरचं वागणं बदलतं. एका विक्रेत्याने मला अशीच एक गाडी 'फुल्ल फोर-बाय-फोर' म्हणून दाखवली. मी खाली वाकून बघितलं, मागे जाणारा लांब शाफ्टच नव्हता. एवढी साधी परीक्षा आहे. इंजिनाकडून मागच्या कण्यापर्यंत जाणारा शाफ्ट आणि मागच्या चाकांमधली गोल पेटी दिसली तर पुढे बोला.

पण लागते का?

गाडी बघायला निघण्याआधी मी दोन किमती काढल्या. पहिली, आहे त्याच गाडीला नवे टायर. नक्षी झिजलेला टायर पाणी आणि चिखल बाहेर फेकू शकत नाही, आणि अशा टायरवर चारही चाकं फिरली तरी चारही घसरतात. अर्ध्या घरांचा प्रश्न पावसाळ्याआधी नवे टायर टाकून सुटेल असं माझं मत आहे. दुसरी, घाटीवर चाकांपुरत्या दोन काँक्रीटच्या पट्ट्या, वर आडव्या खाचा मारलेल्या. खरं सांगायचं तर हाच सर्वांत शहाणपणाचा उपाय होता. पण घाटी चार घरांच्या सामाईक वाटेवर, त्यातलं एक घर मुंबईला आणि दुसरं कोर्टात. कोकणात राहिलेल्याला पुढचं सांगायला नको.

आणखी एक गोष्ट बाबांना दोनदा सांगितली. चार चाकं फिरवणारी गाडी चढते चांगली, थांबते मात्र इतर गाड्यांसारखीच. ब्रेक सगळ्याच गाड्यांत चारही चाकांना असतात. त्यामुळे घाटी चढून जाण्याचा जो आत्मविश्वास येतो तो उतरताना अंगाशी येतो.

७ लाखांत काय येतं

नव्या बाजारात ऑल-व्हील-ड्राइव्ह आहेत. मारुतीची ग्रँड विटारा आणि तिचीच बहीण टोयोटा हायरायडर २०२२ मध्ये आल्या. सुरुवातीपासून त्यांच्यात चारही चाकांची सोय मिळाली ती सुझुकीच्या १.५ लिटर साध्या पेट्रोल इंजिनासोबत. महाग स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोलसोबत विजेच्या मोटरवरही चालणारी) घेतली म्हणजे ही सोयही आलीच, असं समजू नका. गाडी छान, पण अजून जुन्या बाजारातही आमच्या बजेटच्या बाहेर. जून २०२३ मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी मनात भरली होती. छोटी, हलकी, ऑटोमॅटिकमध्येही मिळणारी. पण ती पहिल्या जातीची, चारच माणसांची आणि बजेटच्या वर. ज्यांच्या वडिलांचा डावा गुडघा क्लच दाबताना दुखतो आणि ज्यांच्याकडे पैसे थोडे जास्त आहेत, त्यांनी जिम्नी ऑटोमॅटिक जरूर बघावी.

बजेटमध्ये उरल्या दोन. महिंद्राच्या एक्सयूव्ही ५०० चा ऑल-व्हील-ड्राइव्ह प्रकार आणि रेनो डस्टरचा. एक्सयूव्ही २०११ ची, २.२ लिटर डिझेल, सात जणांची. महिंद्राचा माणूस तालुक्यातालुक्यात सापडतो हा तिचा मोठा गुण. पण ती लांब आणि जड आहे, आमच्या घाटीच्या वरच्या वळणावर तिला दोनदा मागेपुढे करावं लागलं असतं. मोठं अंगण आणि मोठं कुटुंब असेल तर तुमचा निर्णय वेगळा होऊ शकतो.

डस्टर भारतात २०१२ मध्ये आली आणि तिचा ऑल-व्हील-ड्राइव्ह प्रकार २०१४ मध्ये. १.५ लिटर डिझेल, ११० पीएस, सहा गिअर, जमिनीपासून २१० मिलिमीटर उंची. मधोमध एक गोल बटण, त्यावर तीन खुणा: टू-व्हील, ऑटो आणि लॉक. लॉकवर ठेवलं की पुढे-मागे अर्धी-अर्धी ताकद. पहिला गिअर मुद्दाम बुटका ठेवलेला आहे, त्यामुळे घाटीवर ती बैलगाडीच्या चालीने चढते, क्लच अर्धा दाबून धरावा लागत नाही. साध्या डस्टरपेक्षा तिचं मागचं सस्पेन्शनही वेगळं आणि चांगलं आहे. एप्रिल २०२० ला धुराचे बीएस-६ नियम आले तेव्हा डिझेल डस्टर बंद झाली, आणि तिच्यासोबत हा प्रकारही. म्हणजे बाजारात जी आहे ती पाच वर्षांपेक्षा जुनीच असणार.

बंद पडलेल्या गाडीचे सुटे भाग मिळतील का, हा प्रश्न कुडाळच्या आमच्या मेकॅनिकला विचारला. त्याने उत्तर दोन भागांत दिलं आणि मला ते फार पटलं. इंजिन, फिल्टर, इंजेक्टर, क्लच यांची चिंता नाही, कारण हेच १.५ डिझेल लोगानमध्ये होतं, व्हेरिटोच्या टॅक्सींत होतं, निसानच्या टेरानो आणि सनीत होतं. हजारो गाड्यांनी लाखो किलोमीटर काढले आहेत, कारागिरांना ते पाठ आहे. चिंता मागच्या भागाची. मागचा डिफरेन्शियल, तो विद्युतचुंबकी क्लच, मधला शाफ्ट. हे फक्त या प्रकारात आहेत आणि हा प्रकार कमी विकला गेला. "इंजिनाकडे काय बगतास, मागल्या बाजूक बग," तो म्हणाला.

हाच नियम लावून मी स्वस्तात मिळणाऱ्या बड्या गाड्या सोडल्या. होंडा सीआरव्ही, निसान एक्स-ट्रेल, स्कोडा यती यांचे जुने ऑल-व्हील-ड्राइव्ह प्रकार डस्टरच्याच भावात दिसतात आणि आत बसलं की मोह होतो. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. पुण्या-मुंबईत राहून हौस म्हणून ठेवायला ठीक. सावंतवाडीजवळच्या वाडीत बाबांच्या गळ्यात बांधायला नको.

मागच्या बाजूने सुरुवात

जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह तपासायची तर बॉनेट उघडण्याआधी चारही टायर बघा. माझ्या सगळ्या फिरण्यातून शिकलेली सर्वांत कामाची गोष्ट ही आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

डस्टरचा टायर २१५/६५ आर १६ मापाचा. नवा असताना त्याचा व्यास साधारण ६८६ मिलिमीटर आणि घेर २.१५ मीटर. नव्या टायरची नक्षी सुमारे ८ मिलिमीटर खोल असते. ती झिजून २ उरली की घेर २.१२ मीटरच्या आत येतो. फरक चार सेंटिमीटरहून कमी, डोळ्याला दिसणारही नाही. पण एका किलोमीटरला नवा टायर ४६४ फेऱ्या मारतो आणि झिजलेला ४७२. आठ फेऱ्यांचा फरक. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील तर हा फरक शंभर किलोमीटरला आठशे फेऱ्यांवर जातो, आणि मागचा क्लच जोडलेला असेल तेव्हा तो फरक त्याच्या चकत्यांना घासून सोसावा लागतो. वरून संगणकाला वाटतं की चाक घसरतंय, म्हणून तो क्लच पुन्हा पुन्हा जोडतो. असंच वर्षभर चाललं की चकत्या जळतात.

म्हणून चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि जवळपास सारखेच झिजलेले हवेत. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. एका गाडीला चार वेगळ्या कंपन्यांचे टायर होते आणि मालक अभिमानाने म्हणाला, "पंक्चर झाला की लगेच नवा टाकतो." दुर्दैवाने त्या गाडीला नेमकं तेच नको होतं. मी चहा पिऊन परत आलो.

त्यानंतर गाडी उंच करून खालून बघायची. गॅरेजवाल्याला दोनशे रुपये द्या, पण लिफ्टवर चढवाच. मागच्या गोल पेटीभोवती तेलाचा ओलसर थर आहे का, शाफ्टच्या मधल्या आधाराचं रबर फाटलंय का, चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांची रबरी बुटं फुटून ग्रीस उडालंय का. जांभ्याच्या लाल धुळीचा थर असेल तर मला उलट बरं वाटतं, निदान गाडी वापरात होती. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला तर मात्र काय झाकलंय ते विचारा.

चालवताना काच बंद, रेडिओ बंद. ५० ते ७० च्या वेगात मागून सतत गुणगुण येत असेल आणि वेगाबरोबर तिचा सूर बदलत असेल तर बेअरिंग गेलेलं असू शकतं, आधी टायरचा आवाज नाही ना याची खात्री करा. मग एखादा कच्चा, सैल खडीचा चढ शोधा. बटण लॉकवर टाकून उभ्या चढावरून गाडी सुरू करा आणि कोणाला तरी बाहेरून मागची चाकं बघायला सांगा. मागून खडी उडायला हवी. बटणाचा दिवा लागतो, तेवढ्यावर विश्वास ठेवू नका, दिवा लावायला एक वायर पुरते. लॉकमध्येच हळू वळण घेतलं तर गाडी किंचित बांधल्यासारखी वाटेल, ते ठीक. कडकड, टकटक येत असेल तर ठीक नाही.

आता पायाने दाबायच्या नेहमीच्या क्लचकडे विशेष लक्ष. पुढच्या चाकांच्या गाडीवर जोर वाढला की टायर घसरतो आणि ताण निघून जातो. चारही चाकांनी जमीन धरली की ताण निघायला एकच जागा उरते, ती म्हणजे क्लच. डोंगरात चाललेल्या मॅन्युअल ऑल-व्हील-ड्राइव्हचा क्लच त्यामुळे किलोमीटरच्या आकड्यापेक्षा जास्त थकलेला असू शकतो. चौथ्या गिअरमध्ये मध्यम वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मागे राहिली तर क्लचचे पैसे किमतीतून कापा. डस्टरच्या या डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट असतो, चेन नाही. तो तुटला तर इंजिन आतून फुटतं. बदलल्याचं बिल दाखवा म्हणावं, तोंडी सांगितलेलं मानू नये. बिल नसेल तर बदललेला नाही असं समजून हिशेब करावा, आणि बदलताना वॉटर पंपही बदलावा, कारण तो त्याच बेल्टवर फिरतो.

पुराची गाडी हा आपल्याकडचा वेगळा विषय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, २०२१ च्या जुलैत चिपळूण. पाण्यात गेलेल्या गाड्या धुऊनपुसून कुठे ना कुठे विकल्या जातातच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, मुळाशी चिखलाची रेघ सापडते. सीटच्या पट्टीचे बोल्ट, कार्पेटखालचा पत्रा, स्टेपनीचा खड्डा बघा. अगरबत्तीसारखा घमघमाट असेल तर नाकाने नीट काम करा. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये मागच्या क्लचच्या वायरी आणि कनेक्टर अगदी खाली असतात, आणि पाणी लागलं की ते महिन्या-दोन महिन्यांनी दगा देतात.

दिल्लीची स्वस्त गाडी, आणि कागद

डस्टर शोधताना दिल्लीच्या नोंदणीच्या गाड्या लाख-दीड लाखाने स्वस्त दिसल्या. कारण सरळ आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. नंतर त्यात कोर्टकचेऱ्या होत राहिल्या, पण तिकडच्या मालकांना घाई असते हे खरं. अशा गाडीला तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो. तो धरला की स्वस्ताई बरीचशी विरते. मी नाद सोडला.

बाकी कागद थोडक्यात. आरसीवर कितवा मालक ते बघा. कर्ज फिटलेलं असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. थकलेले ई-चलान आधी भरून घ्या. पंधरा वर्षांनी फेरनोंदणी आणि पर्यावरण कर येतो, म्हणून २०१४-१५ ची गाडी घेतली तर ती तारीख डायरीत लिहून ठेवा. विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करा, आणि जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही हे लक्षात घेऊन हप्ता विचारा.

बाबांना नेलं तेव्हा

कोल्हापूरला २०१७ ची एक डस्टर सापडली. एकच मालक, सर्व्हिसची बिलं फाइलमध्ये, चारही टायर एका जातीचे पण म्हातारे. सौदा करण्याआधी बाबांना घेऊन गेलो. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. सीटची उंची त्यांच्या कमरेइतकी आली, म्हणजे चढावंही लागत नाही आणि वाकावंही लागत नाही. क्लच जरा जड आहे. मी त्यांना मुद्दाम बाजारातल्या गर्दीत पाऊण तास चालवायला लावलं, कारण शोरूमच्या आवारात कोणाचाच गुडघा दुखत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसा आहे ते विचारलं, मगच पैसे दिले. आई मागे बसली आणि तिने एकच दोष काढला, की डिकी लहान. तिचं बरोबर आहे. मागच्या यंत्रामुळे या प्रकाराची डिकी साध्या डस्टरपेक्षा लहान असते.

राखून ठेवलेल्या पैशांतून लगेच चार नवे टायर, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, आणि सगळी तेलं बदलली. मागच्या पेटीचं आणि मागे ताकद पाठवणाऱ्या पुढच्या जोडगिअरचं तेल बहुतेक मालक कधीच बदलत नाहीत, कारण ते कोणी सांगत नाही. आमच्या पेटीतून निघालेलं तेल गुळाच्या काकवीसारखं होतं.

बाबांनी त्यांच्या मास्तरी अक्षरात एक पुठ्ठा लिहून डॅशबोर्डच्या खणात ठेवला आहे. घाटी चढताना व्हाळाजवळ थांबून लॉक, पहिला गिअर, मध्ये थांबायचं नाही. खळ्यात (अंगणात) पोचल्यावर पुन्हा ऑटो. उतरताना पहिलाच गिअर, ब्रेकवर पाय हलका. एक टायर फाटला तर बाकीचे किती झिजलेत ते मोजून मग ठरवायचं. बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढू द्यायची नाही, सपाट ट्रकवर चढवायची, नाहीतर मागचा क्लच जातो. दर आठवड्याला एकदा तरी हायवेला लावून वीस किलोमीटर, कारण बाजारापुरत्या चार किलोमीटरात डिझेल इंजिन धड तापत नाही.

शेवटची ओळ आईने घातली आहे, पेन्सिलीने: येताना नारळ विसरू नये.